पायपेटी वाजली की उभं राहायचं

नगर, ता. ८ फेब्रुवारी १९७१

प्रिय दानीएलदादास,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम वि. वि.

आम्ही आत्या-भाची खुशाल आहोत. जूनपासून माझ्या शाळेत शिकायला ठेवलेली तुझी सुवार्ता चार घास जास्त जेवते आणि गणितात चार चुका जास्त करते, तेव्हा काळजी नसावी.

माझ्या हातून एक गुन्हा झाला आहे, तो दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. शनिवारी दुपारी तिला संगीत नाटकाला नेलं. शेजारच्या झुंबरबाईंना जायला जमेना, त्यांची तिकिटं वाया जात होती. पडद्यामागून नांदी, म्हणजे त्यांचं गणेशस्तवन, सुरू झालं. पायपेटीचा पहिला सूर कानावर पडताच आपली सुवार्ताबाई ताडकन उभी. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी फ्रॉक ओढला तर म्हणते, "आत्या, गीत सुरू झालं, तू पण ऊठ ना." मागचे एक शेतकरीबाबा कुरकुरले, "बाई, पोरीला बसवा की, आमाला नुसत्या येन्याच दिसत्यात." पण ती नांदी संपेपर्यंत हलली नाही, आणि संपल्यावर भर थिएटरात खणखणीत आमेन म्हणून मगच बसली. पेटीवालेसुद्धा वळून हसले. तुझ्याच शिकवणीचा हा प्रताप, मी काय करणार?

पुढे नाटक संपेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही. घरी आल्यापासून एकच धोशा लावला आहे, गाणं शिकायचं. गल्लीच्या टोकाला गायनाच्या बाई राहतात, त्यांनी तिचा आवाज ऐकला आणि लगेच धाड म्हणाल्या. तुझी परवानगी तेवढी हवी. मेरीवहिनीला सलाम.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी,
कृपा

देवळाली प्रवरा, ता. १२ फेब्रुवारी

प्रिय कृपा हीस सलाम.

तुझ्या पत्राआधीच बातमी पोचली होती. दानीएल मास्तरांची मुलगी नाटकात गणपतीपुढे हात जोडून उभी होती, असं शमुवेलमामा उपासना सुटल्यावर चारचौघांत सांगत होते. मी चर्चमध्ये पेटी वाजवणारा माणूस. मला मान खाली घालावी लागली.

पोरीला शिकायला पाठवलं होतं, नाटकं बघायला नाही. गाणंबिणं काही नको. ता. २०च्या शनिवारी तिला वह्या-पुस्तकांसकट एस.टी.ने घेऊन ये. उरलेली पाचवी इथल्या शाळेत पुरी करील. मेरीला हे पसंत नाही, दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. तरीही आणावी.

आशीर्वाद आहेतच.
दानीएल

नगर, ता. १५ फेब्रुवारी

प्रिय दादास स. सलाम वि. वि.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. रडली नाही. फ्रॉकच्या घड्या घालून पिशवीत भरल्या. एवढंच म्हणाली, "बाबांना सांग, मी आपल्या देवालाच म्हणत होते."

दादा, ते स्तवन कुणाचं हे तिला ठाऊक तरी होतं का? तीन वर्षांची असल्यापासून तू तिला स्टुलावर उभी करून पायपेटीशेजारी ठेवत आलास. पेटी वाजली की उठायचं, गीत संपलं की आमेन म्हणायचं, हे तिला दुसऱ्या कुणी नाही, तूच शिकवलंस. तिच्या गळ्यात सूर घातलास तोही तूच, आणि आता तोच काढून घेतोस? शिव्या द्यायच्या तर मला दे.

आणि शमुवेलमामांना हे सगळं दिसलं कुठून, ते एकदा विचार. तेही थिएटरातच बसले असणार की!

शुक्रवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही, तर शनिवारच्या गाडीने आणते.

भांडले तरी बहीणच आहे, हे विसरू नये.
कृपा

देवळाली प्रवरा, ता. १७ फेब्रुवारी

प्रिय कृपा हीस अनेक सलाम.

तुझं पत्र मला पुढे वाचवेना, मग मेरीने मोठ्याने वाचलं. ती बोलू लागली, एवढं त्यातून चांगलं झालं. मामांना विचारलं. आधी कानकोंडे झाले, मग म्हणाले, "व्हय रं, आमेन बी ऐकलं हुतं म्या. तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

पण त्यांच्यावर कशाला ढकलू? खरं सांगतो, नांदीचं मला एवढं काही वाटलंच नव्हतं. निमित्त मिळालं. पोर गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत पहिली ओळ माझी, दुसरी तिची असायची. तिथे आलो की अजून थांबतो. मेरी काहीतरी काम काढून उठते. लेकीला परत आणायला कारण हवं होतं, ते मी देवाच्या नावाखाली शोधलं. त्याची क्षमा मागितली आहे, तुझीही मागतो.

सोमवारपासून तिला गाण्याला धाड. मात्र शनिवारी, नुसती भेटायला म्हणूनसुद्धा, आणू नकोस. ती दारात दिसली तर माझ्याने परत पाठववणार नाही.

माझ्या वाट्याची मायाही तूच करावी.
तुझा दादा,
दानीएल