मण्यात हरवलेलं अक्षर

विटा, मंगळवार संध्याकाळ

आज मॉडेल पुन्हा बंद पडलं. अख्खं गुणसूत्र कॉम्प्युटरवर बसवायचं म्हणजे डीएनएची कोट्यवधी अक्षरं. मेमरी पुरतच नाही. सर फोनवर म्हणाले, "हजार अक्षरांचा एक मणी धर." धरला. चाललं. मग माझी चिडचिड कशाची?

दादाला सांगलीत रक्त चढवून आई परतली. पडद्यावरची मण्यांची माळ बघत म्हणाली, "ह्यात दादाचं दुखणं कुठं हाय गं?"

दादाचं दुखणं म्हणजे एका अक्षराची चूक. तेवढ्यासाठीच तर मी ह्या कामात पडले. आणि आता सगळे मणी सारखेच, गुळगुळीत. हजारांचा एक मणी करताना ते अक्षर दुपारी मीच घालवलं. तरी एका मण्यावर बोट ठेवलं.

नीट दिसावं म्हणून आईनं पदरानं तिथली काच पुसली.