चौथ्या विमानाचा पाचवा कॅप्टन

३ जानेवारी, सकाळ
नवी डायरी, नवं पेन. यंदा मी कॅप्टन होणार. हा अंदाज नाही, गणित आहे. कंपनीची चार नवी विमानं एप्रिलमध्ये येतायत. पाळ्या, सुट्ट्या, आजारपणं धरून एका विमानाला पाच कॅप्टन लागतात. चार पंचे वीस. मी सध्या फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक; बढतीच्या यादीत माझा नंबर विसावा. म्हणजे मी चौथ्या विमानाचा पाचवा कॅप्टन. पाकिटाच्या मागे मांडून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे शेवटचाच ना? डेंटिस्ट आहे. बत्तीस दातांमध्ये तिला किडलेला तेवढा दिसतो.

संकल्प:
कॅप्टनच्या परीक्षेचं मॅन्युअल. पानं ९१२. रोज दहा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खलास.
बाथरूमच्या दाराची कडी तुटली आहे, ती या रविवारी बसवणे.
ऑर्डर हातात पडेपर्यंत स्वतःला कॅप्टन न म्हणणे.

५ जानेवारी
युनिफॉर्मवाल्या शिंप्याकडे सहज डोकावलो. खांद्यावरच्या चार पट्ट्यांची जोडी घेऊन आलो. (कॅप्टनला चार असतात, मला सध्या तीनच आहेत.) शिंप्याने अभिनंदन केलं. त्याचं मन कशाला मोडा, म्हणून हात मिळवला. बाहेर पडताना तो कॅप्टनसाहेब म्हणाला. मी म्हणालो नाही, तो म्हणाला. संकल्प शाबूत.

११ जानेवारी
वेळापत्रकाप्रमाणे पान ९० वर हवा होतो. ३७ वर आहे. पण प्रस्तावना आणि अनुक्रमणिका दोनदा वाचली, त्यामुळे ग्रंथाचा एकूण आवाका ध्यानात आला आहे. आता नुसता वेग घ्यायचा.

कडी: बाजारात पाहिली. मनासारखी नाही.

२ फेब्रुवारी
कंपनीचं पत्र. विमानं बनवणारे म्हणतात, डिलिव्हरी जूनमध्ये. कारण काय, तर विमानं तयार आहेत पण आतल्या खुर्च्या आल्या नाहीत. खुर्च्या! माणसं उभी करून नेणार होते की काय? इतकी वर्षं कारखाना चालवतात आणि साधी तारीख पाळता येत नाही. चहा गार होईपर्यंत संतापलो होतो.

नंतर शांतपणे विचार केला. आत्ता वाचलेलं जूनपर्यंत डोक्यात राहणार नाही. म्हणजे आत्ता वाचणं हा शुद्ध अपव्यय. मॅन्युअल एप्रिलपासून, ताजंतवानं.

६ फेब्रुवारी
क्रू रूममध्ये एकविसावी भेटली. यादीत माझ्या खाली आहे म्हणून मी मनातल्या मनात तिला एकविसावी म्हणतो. खिडकीजवळच्या खुर्चीत मॅन्युअल घेऊन बसली होती, पानोपानी पिवळ्या चिठ्ठ्या. मोठेपणाने समजावलं, बाई गं, विमानं वीसच कॅप्टनांना पुरणार आहेत, आणि तीही जूनमध्ये, कशाला जीव काढतेस? तर म्हणाली, वाचून ठेवलेलं नासत नाही, सर.
पोरगी गुणी आहे. प्लॅनिंग मात्र शून्य.

१९ मार्च
आईचा फोन. कॅप्टन कधी होणार म्हणून खोदून खोदून विचारत होती. मी घाईत होतो. सांगितलं, डिलिव्हरी लांबली, एप्रिलची जूनवर गेली, पण काळजी करू नकोस, चारही एकदम येणार आहेत.

२४ मार्च
अनर्थ. आईने जसंच्या तसं मावशीला सांगितलं. मावशीने थेट बायकोच्या दवाखान्यात फोन लावला. बायकोचा हात एका आजोबांच्या अक्कलदाढेवर. मावशी स्पीकरवर रडत सांगत होती की, अगं दोन महिने लांबली तरी उभी राहून कामं कसली करतेस, आधी डॉक्टर बदल, आणि चार म्हणजे काय चेष्टा आहे? आजोबा तोंडात नळी असतानाच अभिनंदन करून गेले.

बायकोने मावशीला दोनदा खरं काय ते सांगितलं. मावशीचं म्हणणं, पहिल्या वेळी पोरी लाजतातच. विणायला घेतलं आहे म्हणे.
यापुढे घरात डिलिव्हरी हा शब्द मी उच्चारायचा नाही, असा हुकूम निघाला आहे. 'ती गोष्ट' म्हणायचं.

२ मे
ती गोष्ट लांबल्यामुळे कंपनीची सगळी घडी विस्कटली. जी भाड्याची जुनी विमानं या महिन्यात परत करायची होती ती ठेवून घेतली. त्यातलं एक कायम हँगरमध्ये, पोट उघडं टाकून. फेऱ्या कमी केल्या. मला आठवड्यातून चार दिवस घरी स्टँडबाय. म्हणजे पहाटेपासून युनिफॉर्म घालून, बॅग भरून सोफ्यावर बसायचं आणि फोनकडे पाहायचं. फोन येत नाही.

बायको म्हणाली, बसलाच आहेस तर वाच. तिला सांगून कळणार नाही, पण वाट पाहणं हे पूर्णवेळ काम आहे. मग म्हणाली, निदान कडी तरी बसव. युनिफॉर्ममध्ये? हाताला ग्रीस लागलं आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?

९ जून
आज तर कहर झाला. खुर्च्या आल्या. ती गोष्ट आता वर्षअखेर म्हणतायत. कारण: विमानातल्या टॉयलेटच्या दाराची कडी तपासणीत पास होत नाही!

जेवताना मला राहवलं नाही. म्हटलं, एका कडीपायी चार विमानं आणि वीस माणसांचं आयुष्य अडून राहतं, कडी बसवायला असा वेळ तो किती लागतो, या लोकांना लाज कशी वाटत नाही? बायको हसायला लागली. पाणी पिऊन थांबली आणि परत हसली. काही लोकांना दुसऱ्याच्या करिअरचं गांभीर्यच नसतं.

११ जुलै, दुपार
लिहायचं नव्हतं, पण डायरीशी खोटं बोलू नये.
स्टँडबाय होतो. उकाडा फार, म्हणून फक्त युनिफॉर्मचा शर्ट आणि चट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी. बाथरूमच्या आरशासमोर चार पट्ट्या लावून घोषणेची प्रॅक्टिस करत होतो. कॅप्टनला आवाज खालचा आणि संथ लागतो. नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय, आपण आता पस्तीस हजार फुटांवर आहोत, इथपर्यंत आलो आणि दार उघडलं. दारात मावशी. हातात चार इवलेसे पिवळे स्वेटर.

शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन आली होती. बाथरूमचं दार नुसतं ढकललं की उघडतं, हे वर आलंच आहे.
मावशी ओरडली नाही. मायेने माझ्याकडे बघितलं, स्वेटर बेसिनवर ठेवले आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी बायकोला सांगत होती, सांभाळून घे गं त्याला, पहिल्या खेपेला बापाचंही असंच होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
चमत्कार! दुसऱ्या कुठल्याशा कंपनीने त्यांच्यासाठी तयार झालेली चार विमानं घ्यायला नकार दिला. ती आपल्याला मिळाली. खुर्च्यांसकट. कड्यांसकट! तीन आठवड्यांत दारात. वीसही जणांची परीक्षा सोमवारी.

आठ महिने मी या दिवसाची वाट पाहिली. आनंद झाला आहे.

मॅन्युअल शोधलं. मावशीच्या स्वेटरांखाली सापडलं. पान ३७. राहिली ८७५. शुक्र, शनि, रवि: रोज दोनशे ब्याण्णव. अशक्य असं काहीच नसतं.

२९ ऑगस्ट
सकाळ वेळापत्रक आखण्यात गेली. चार रंगांत केलं आहे. फारच देखणं झालंय. दुपारी पान ३७ पुन्हा वाचलं, कारण संदर्भ तुटला होता.

३० ऑगस्ट
आजूबाजूला पसारा असला की माझं लक्ष लागत नाही. टेबल आवरलं. पेन्सिली टोकदार केल्या. तरी मन सारखं कडीकडे. शेवटी उठलो, जुन्या खणात एक कडी पडलीच होती, ती बसवली. घड्याळ लावून: अकरा मिनिटं.

बायको आली. कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मला वाटलं आता टोमणा येणार. पण तिने फक्त विचारलं, किती पानं झाली? आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑगस्ट
नापास झालं तर नाव यादीतून जातं. पुढे ढकलून घेतलं तर निदान राहतं. मग विमानं लांबल्याचं फेब्रुवारीचं पत्र समोर ठेवलं. चीफ पायलटना लिहिलं: अनपेक्षित अडचणींमुळे सदर उमेदवाराची उपलब्धता वर्षअखेरपर्यंत लांबत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

चीफचा लगेच फोन. म्हणाले, बत्तीस वर्षांच्या नोकरीत विमानं उशिरा आलेली पुष्कळ पाहिली, विमानं हजर आणि कॅप्टन उशिरा हे पहिल्यांदा पाहतोय. माझी जागा एकविसावीला. मी पुढच्या यादीत पहिला. पुढची विमानं कधी, म्हणून विचारलं. साधारण दोन वर्षं, म्हणाले, तारीख पक्की आहे. आणि हसले.

पहिला नंबर म्हणजे तशी प्रगतीच आहे. विसाव्यावरून.

पण बायकोला सांगताना आवाज नीट लागला नाही. खालचा लागला, आणि संथ.

२२ जानेवारी
वर्षभरात डायरी बरीच कोरी राहिली. आज लिहायला हवं.

एकविसावी परीक्षा, सिम्युलेटर, ट्रेनिंग, सगळ्यातून पहिल्या फटक्यात पार झाली. आज कॅप्टन म्हणून तिची पहिली फ्लाइट. नवं विमान. आणि पाळ्यांच्या रोस्टरमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीत मी. रोस्टरवाल्या बाईंना फोन करून विचारलं, मुद्दाम का? म्हणाल्या, कॉम्प्युटर करतो.

सकाळी क्रू रूममध्ये पोचलो तर ती खिडकीजवळ उभी. खांद्यावर तीनच पट्ट्या, चेहरा एवढासा झालेला. स्टोअरवाला म्हणतो, चार पट्ट्यांचा माल पुरवठादाराकडेच अडकलाय, आठवडाभराने या. प्रवासी काय म्हणतील यापेक्षा बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांनी मोजल्या तर, असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, मोज्यांच्या मागे, वर्षभर एक जोडी होती. हात तिकडे जात नव्हता, हे कबूल करतो. फार वाईट वाटत होतं. मग काढून दिली.

तिने विचारलं, सर, तुमच्याकडे कशा? म्हटलं, घेऊन ठेवलेलं नासत नाही, कॅप्टन.

पट्ट्या तिला शोभल्या. घोषणा तिने छोटीशी केली, आवाज मुळीच खालचा काढला नाही, आणि पहिल्या रांगेतून एकट्याच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. वेळेवर निघालो, वेळेवर उतरलो. टॉयलेटची कडी मी मुद्दाम पाहून आलो. उत्तम लागते.

घरी आलो. युनिफॉर्म धुवायला टाकताना बायकोने बॅगेचा आतला कप्पा चाचपला. तिला तो माहीत होता, हे मला माहीत नव्हतं. पट्ट्या कुठायत, म्हणाली.

म्हटलं, तुझा हुकूम मोडतोय, पण दुसरा शब्द नाही. डिलिव्हरी झाली.