नेलपॉलिशच्या ठिपक्याचा डबा

प्रताप नगर, नागपूर
रविवार, दुपार

चि. सौ. हर्षास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद (घ्यायचा की परत पाठवायचा, ते पत्र संपल्यावर ठरव). इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तब्येतीनं. तुझं बीपी कसं आहे? गोळी घेतेस की नुसती उशाशी ठेवतेस? वामनरावांचा गुडघा दुखायचा थांबला का? त्यांना माझा नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नको. आधी तू एकटी वाच, बसून वाच, आणि गॅस बंद करून वाच. फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावून मेथी निवडत असतेस, त्यामुळे मी बहिणीशी बोलून राहिली की अख्ख्या अमरावतीशी, तेच मला कळत नाही.

तर तुझी रितिका. बंगलोरहून चार दिवस माझ्याकडे आली तेव्हा तुला वाटलं असेल, पोरीला मावशीची आठवण आली. मलाही तसंच वाटलं, आणि मी फुगले. गुरुवारी संध्याकाळी म्हणते, मावशी, चल, दहा मिनिटं बागेत जाऊन येऊ, एक गंमत दाखवते. आता बाग म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाची, तीत मी रोज फिरते, तिथं मी न पाहिलेली गंमत कोणती असणार? तर म्हणे जिओकॅशिंग. म्हणजे असं की कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवून ठेवतो, जागेचा ठावठिकाणा फोनवर टाकतो, आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं, त्यातली एखादी बारकी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथं परत लपवायचा. जगभर लोक हे करतात म्हणे. (मी म्हटलं, आमच्याकडे हाच खेळ रोज चष्म्याचा चालतो, फक्त कागदावर कोणी नाव लिहीत नाही.) आणि सगळ्यात मोठा नियम, आजूबाजूच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. हे मला सांगून राहिली. त्या बागेतली कुत्रीसुद्धा माझ्या चपलेचा आवाज ओळखतात.

रितिका फोनकडे बघत बघत पाण्याच्या टाकीकडे गेली (मुद्दाम गेली, हे आता कळलं). मी कडुनिंबाच्या पारावर टेकले, हात मागे गेला आणि ढोलीत काहीतरी लागलं. काढून बघते तर काय, निळ्या झाकणाचा, चार कड्यांचा डबा. उलटा केला, तर बुडाला मरून नेलपॉलिशचा ठिपका. हर्षे, माझा डबा. दिवाळीत चिवडा भरून रितिकाबरोबर पाठवलेला, आणि तेव्हापासून दर फोनवर मी तिला ज्याची आठवण करून देत होते, तोच. आपल्या आईनं आपल्याला दागिने कमी दिले, पण भांड्यावर खूण करायची शिकवण भरपूर दिली. माझं डोकं फिरलं. आत काय आहे ते धड पाहिलंसुद्धा नाही. एक घडी केलेला कागद, एक प्लास्टिकचं संत्रं, दोनचार मणी, एक उलटा ठेवलेला फोटो, सगळं मी जवळच्या कचऱ्याच्या डब्यात ओतलं, आणि डबा पदराला पुसून छातीशी धरला.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. पण समोरच्या बाकावर एक दाढीवाला पोरगा बसला होता. तो मघापासून झाडाकडे बघून हसून राहिला होता, आणि आता फोन समोर धरून माझा फोटो काढून राहिला होता. मला दुसरं काय वाटणार? मी तिथूनच विचारलं, "काहून गा, दुसऱ्याच्या घरचे डबे चोरून इथं लपवतोस?" तो बिचारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, लपवला मीच, पण चोरला नाही." आता सांग, असा कबुलीजबाब कोणी देतं? शेजारची सिंधूताई आणि फिरायला येणाऱ्या सगळ्या बायका गोळा झाल्या. सिंधूताईला स्वतःचे तीन डबे सापडत नव्हते, ते तिनं त्याच्याच नावावर घातले. मी चोर म्हटलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हटलं. चौकीदार आला आणि त्यानं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. पोरगा एक शब्द वाकडा बोलला नाही. जाताना टाकीकडे बघत होता तेवढंच.

गलका ऐकून रितिका टाकीमागून धावत आली, माझ्या हातात रिकामा डबा बघितला आणि सरळ कचऱ्याच्या डब्याकडे गेली. वाकली, हात घातला, फोटो काढला, कुर्त्याला पुसला. मी म्हणून राहिली की अगं शी, हात धू. तिनं फोटो सुलटा करून माझ्यासमोर धरला. त्यात ती होती आणि तो दाढीवाला होता. "मावशी, हा नागसेन. तुलेच पहिल्यांदा दाखवायचा होता," एवढंच म्हणाली.

माय वं हर्षे, काय सांगू तुला. दोन वर्षांपासून दोघं एकमेकांना ओळखतात, एकाच ऑफिसात आहेत, हा डबे शोधायचा नाद दोघांनाही आहे. मावशीला तिचाच डबा सापडेल, ती हसेल, फोटो उलटेल, समोर बाकावर पोरगा असेलच. मग मावशी आईला सांगेल, आणि मावशीनं हो म्हटलं की आई ऐकते, असा त्यांचा सगळा बेत. माझ्यावर एवढा भरवसा त्या पोरीनं ठेवला, आणि मी तो प्लास्टिकच्या संत्र्याबरोबर कचऱ्यात ओतला. नागसेनचं घर इथंच नागपुरात, इंदोऱ्याला, घरात जय भीम म्हणतात. खोटं काहून बोलू, नाव ऐकल्यावर आधी मला तुझा आणि वामनरावांचा चेहरा दिसला. पण लगेच दुसरं आठवलं की मी त्याला चारचौघींत चोर म्हटलंय. त्या घरानं हा शब्द काही न चोरता याआधीही ऐकला असेल गं.

रितिका त्याच रात्री गेली, न जेवता. नागसेनही तिच्यासोबतच गेला. निघताना म्हणाली, "आता आईले तूच सांग, आणि खरं सांग. माफी मागायची तर त्याच्या घरी जाऊन माग." पत्ता देऊन गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

मग काल मी गेले. रिकाम्या हातानं कशी जाणार, म्हणून ताजी कोथिंबीर आणून सांबारवड्या तळल्या आणि भरल्या त्याच डब्यात (घरात दुसरे डबे होते, पण हात त्याच्याकडेच गेला). त्याच्या आईनं, जयवंताबाईंनी, दार उघडलं. मी उंबऱ्यातच रडायला लागले, वड्या हातात तशाच. त्यांनी आत नेलं, पाणी दिलं, माझ्यासमोर एक वडी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. (कमी होतं.) मग म्हणाल्या, "पोरगा सांगून राहिला होता, काकू डब्यासाठी एवढ्या भांडतात, तर माणसासाठी किती भांडतील." राग आला होता का, विचारलं मी. म्हणाल्या, आला होता, दोन दिवस होता, अजून थोडा आहे. मला हे फार बरं वाटलं. मी निघाले तेव्हा डबा त्यांनी घासला, पुसला, आत काहीतरी भरलं आणि हातात दिला. रिकामा कसा देऊ म्हणाल्या. अगदी आपल्या आईसारखं बोलल्या.

आता मी अजून काय लिहू? तू विचार कर, पोरीवर ओरडू नको. ओरडायचंच असेल तर माझ्यावर ओरड, मला सवय आहे.

तुझी,
शोभाताई

ता. क. बीपीची गोळी आता घे.

ता. क. २. पत्राबरोबर एक डबा आला आहे. तुझा स्वभाव मला ठाऊक, पत्राआधी तू डबाच उघडला असशील आणि जवसाची चटणी बोटानं चाटून "ताईला एकदाची जमली" असंही म्हणाली असशील. मी केलेली नाही. जयवंताबाईंची आहे. वामनरावांना दुसऱ्यांदा वाढल्यावर सांग, आधी नको.

ता. क. ३. खरं काम हे. चटणी संपली की डबा घासून, तुझ्या हातचं काहीतरी भरून पाठव. माझ्याकडे नको, इंदोऱ्याला. पत्ता बुडाला ठिपक्याशेजारी चिकटवला आहे. तेवढं केलंस तर रितिका माझा फोन उचलेल. आणि हा डबा मी आता कोणाकडेच परत मागणार नाही.