डोक्याचं तेल आणि काचेवरचा थर

पुणे, १४ डिसेंबर १९६४

प्रिय याडी,

दुरूनच तुझ्या पाया पडतो. जमनी, आईला हे सावकाश वाचून दाखव.

याडी, तू डोक्याला लावायला दिलेल्या तेलानं घोटाळाच केला! काच रसायनात बुडवून तिच्यावर हळदीच्या रंगाचा, केसाहून पातळ थर चढवायचा, हे माझं काम. दोन महिने तो सुटून यायचा. परीक्षकांपुढे टिकला नाही तर प्रयोगशाळेतून नाव कापणार होते. नशिबाला दोष देणाऱ्यांशी जन्मभर भांडलेला मी, स्वतःच तसं बोलू लागलो होतो.

शेवटी सरांनीच ओळखलं. "देवीलाल, हे डोकं आहे की समई?" केसांचं तेल बोटांवाटे काचेला लागत होतं!

आता डोकं कोरडं, थर घट्ट. रागावू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

काल परीक्षकांसमोर थरावर उजेड पाडताच वीज वाहिली, वीज मोजायच्या यंत्राचा काटा सरकला. मी तासाभराचं भाषण पाठ केलं होतं. पण सगळे काट्याकडेच पाहत राहिले आणि न ऐकताच माझं नाव कायम केलं.

बापूजींना हे सांगू नकोस. "तोंड बंद ठेवलं तं पोट्ट्याचं भलं होईन," असं ते वीस वर्षं म्हणून राह्यले. आता तांडाभर सांगत फिरतील.

तुझाच,
देवीलाल