जागं ऱ्हायच्या गोळ्या

जपान, मार्च १९४७

चिरंजीव केरबास दादाचा आशीर्वाद, आन संगं थोडा रागबी.

मी खुशाल हाय. थंडी लय, पण हरलेल्या जपानवर पहाऱ्याला ठेवलेल्या आमच्या पलटणीत पोटभर जेवाय मिळतंय. आईचा गुडघा कसा हाय?

आपल्या बनुताईच्या लग्नासाठी माधवनगरच्या गिरणीत दोन-दोन पाळ्या मागावर उभा ऱ्हातोस, म्हणून जागं ऱ्हायच्या गोळ्या पाठव, असं तू लिवलंस. त्या हितं पानसुपारीगत मिळत्यात. लढाईत जपानी सरकारनंच शिपायांना आन कारखान्यातल्या माणसांना त्या चारल्या. लढाई सरली, उरलेला माल बाजारात आला. सरकारनं दिलेल्या चिजंची भीती कुणाला वाटंल? त्यात हितल्या लोकांना शिधा तुटपुंजा, काम ढीगभर, आन गोळीनं भूकबी मरती.

आमच्या छावणीतला जपानी शिंपी त्याच गोळ्या खातो. पयल्यांदा दोन माणसांचं काम एकटा उरकायचा. आता हप्ताभर माझ्या सदऱ्याची एकच बाही शिवतोय, उसवतोय, परत शिवतोय. भात दिला तर नुसता हसतो, खात न्हाई. धागा तुटला की तू माग थांबवतोस. ह्याला थांबायचंच कळंना.

गोळ्या मी पाठवणार न्हाई. दुसऱ्या कुणाकडनं घेतल्यास तर माझ्याशी गाठ हाय. लग्न वरीसभर थांबंल, मी आल्यावर दोघं मिळून करू. हे वाचल्यापास्नं एकच पाळी करायची.

आईच्या पायांवर माझ्या नावानं डोकं ठेव. ह्या पत्रासंगं धाडलेल्या पार्सलात माझं पलटणीतलं ब्लँकेट हाय. ते पांघर, आन झोप.

तुझा दादा,
कृष्णात