चिऊचा डावा कान

विरार, गुरुवार संध्याकाळ

समोरच्या फ्लॅटमधली शबाना तिच्या बाळाला घेऊन आली होती. पुढच्या आठवड्यात त्याची सुंता. सासरचे म्हणतात, लहानपणीच उरकून टाकू. हिचं मन होत नाही. मी लगेच शहाणपणा केला, "शरीर त्याचं आहे. मोठा झाला की त्यालाच विचार."

ती माझ्या लेकीकडे, चिऊकडे बघत म्हणाली, "कान बरा झाला काय गं तिचा?"

जन्मानंतर बाराव्या दिवशी तिचे कान टोचले. डोकं मीच घट्ट धरलं होतं. डावा कान पिकला.

कानाचं भोक बुजतं, सुंतेचं तसं नाही, असं म्हणणार होते. पण चिऊला तरी कुठे विचारलं होतं?

आत्ता त्या डाव्या कानाला तेल लावायला गेले. चिऊने मान फिरवली.