हात थरथरला नव्हता

९ जानेवारी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. काकूचा गुडघा तिच्यासारखाच हट्टी, पण चालतोय. तुझं पत्र परवा मिळालं, सोबतचा टाईप केलेला कागदही. काकूने विचारलं, "काय म्हणते पोर?" म्हटलं, "सही मागतेय." "मग द्या की! त्यात काय तोंड पाडून बसायचं?" तिला कागद वाचून दाखवला नाही.

त्यात लिहिलंय, 'वयोमानामुळे प्रयोगशाळा सहाय्यकाचा हात थरथरतो, त्यामुळे मापे चुकली.' खाली माझ्या सहीसाठी रेघ.

अगं, दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे तुझ्या छापील लेखाशी जुळेनात, तुझ्यावर चौकशी बसली, हे वाचून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दादा गेल्यावर तुला शाळेतून थेट माझ्या प्रयोगशाळेत आणायचो, बाकावर बसवून परीक्षानळ्या मोजायला लावायचो. मी नववी नापास. पुढचं सगळं तुझ्या जुन्या पुस्तकांतून शिकलो. म्हणून थोडं बोलतो, ऐकून घे.

ग्लायसीनपासून तू केलेलं ते मीठ. मीठ असून द्रव, मधासारखं दाट. ते काचेच्या नळीत वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत उतरतं, एवढंच मला मोजायचं होतं. सकाळी ४१२. दुपारी ३७१. संध्याकाळी ३३०. नळी बुडवलेली पाण्याची टाकी पंचवीस अंशांवरून तसूभर हलली नव्हती. मग थेंबभर बशीत घेऊन तराजूवर ठेवलं, तर बघता बघता वजन चढायला लागलं. ते हवेतलं पाणी पीत होतं, चिमणे! बूच उघडलं की एक घोट, आणि घोटागणिक पातळ. तू कोरड्या द्रवाचे आकडे छापणार होतीस, आणि दुपारपर्यंत तो कोरडा उरलाच नव्हता.

धावत सांगायला आलो, तर तू पाहुण्यांसमोर हसलीस. "काका, हात थरथरतो आता तुमचा. तिन्ही मापं जुळायला हवीत. उद्या पुन्हा घ्या."

पाहुणेही हसले. मीही हसलो, लाज झाकायला.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली उघडून एकच माप घेतलं, ४१२. खाली ४१३ आणि ४११ बसल्या जागी लिहिले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. रागाने केलं, की तुला खूश करायला, ते मला अजून सांगता येत नाही. तेच तू छापलंस.

तेव्हा मापं चुकली नाहीत. मी खोटी लिहिली. काकूच्या सुईत दोरा अजून मीच ओवतो, एका फटक्यात. मला लबाड म्हण, खुशाल म्हण. पण जे हात तुला मोजायला शिकवत आले, त्यांना थरथरते म्हणू नकोस.

तुझा कागद सहीविना परत पाठवतोय. सोबत माझा, सही केलेला. त्यात माझा गुन्हा स्पष्ट लिहिलाय, चौकशीवाल्यांना दे. पहिल्या दिवशीची तीन खरी मापं वहीत आहेत. त्यांच्यावरची काट तुझ्या हातची. वहीही पाठवतोय. नक्कल ठेवलेली नाही.

एक गोष्ट त्या कागदात लिहिली नाही. एक माप घ्यायचं, नळी धुवायची, सुकवायची, यात तास मोडतो. तीन मापांना तीन तास. त्या दुसऱ्या दिवशी तू मापं घ्यायला सांगून गेलीस, चाळीस मिनिटांत परत आलीस, वही पाहिलीस, घड्याळाकडे पाहिलंस आणि पाठ थोपटलीस. "आता कसं, काका!"

मोजायला तुला मीच शिकवलं होतं. तेवढं मी कोणाला सांगणार नाही.

अक्षर नीट बघ. एक रेघ तरी हललीय का?

तुझा
काका